उणे एकशे अठ्ठावन्न

परवा शुक्रवारी संध्याकाळी, कंपनीची बस पकडायच्या गडबडीत असताना, आमच्या टीममधला भंडाऱ्याकडचा एक मित्र माझ्या डेस्कपाशी आला आणि त्याने एक कागद पुढे केला. त्याच्या अकरा वर्षांच्या भाच्याचा जुना रक्ताचा रिपोर्ट. पोराला सिकलसेल आहे हे मला माहीत होतं. कागदावर मुख्य आकडे तीनच. हिमोग्लोबिन एस ७४ टक्के, हिमोग्लोबिन एफ २२ टक्के, आणि ए-टू तीनच्या आसपास. पहिल्या दोन्हींसमोर लॅबने ठळक चांदणी छापलेली, म्हणजे 'नॉर्मल नाही'. "एसचं माहितीये रे," तो म्हणाला, "पण हा एफ एक टक्क्याच्या आत पाहिजे म्हणे. हा तर बावीस. तेव्हा आमची झोपच उडाली होती, की आता आणखी नवीन काय निघालं!"

नंतर डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की एफ जास्त आहे ते चांगलंच आहे, काळजी करू नका. मित्राचं तेवढ्यावर समाधान झालं होतं. माझं काही होईना. कुठलीही गोष्ट नॉर्मलच्या वीस-बावीस पट आहे आणि तरी ती चांगली, हे कसं काय? मी अकरावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला माणूस, त्यामुळे मला काय डोंबल कळणार. पण शनिवार-रविवार वाचत बसलो आणि एका अक्षरापाशी येऊन पोचलो. गंमत म्हणजे ते अक्षर जनुकात नाहीच. जनुक जिथून वाचायला सुरुवात होते त्याच्या १५८ अक्षरं अलीकडे आहे.

ही गोष्ट दोन वेगळ्या धाग्यांनी येते. एक धागा रक्ताचा, दुसरा जंतूंचा. दोन्ही १९८५ मध्ये येऊन मिळतात. आधी रक्ताचा घेऊ.

*

१९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक ह्या डॉक्टरांनी एका रुग्णाचं वर्णन छापलं. वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडाहून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर नोएल. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तातल्या काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या, कोयत्यासारख्या वाकड्या होत्या. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष पेशीत नसून आतल्या हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रमने तो दोष नेमका कुठे ते सांगितलं: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. म्हणजे डीएनएच्या भाषेत 'ए'च्या जागी 'टी'. बस, एवढंच. ऑक्सिजन सोडला की हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटून दोरखंड बनवतात, पेशी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग सांध्यांत, हाडांत, पोटात ती वेदना उठते. ज्यांनी घरात पाहिलीये त्यांना मी काय सांगणार.

आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आजार अशी ह्याची समजूत बराच काळ होती. १९५२ मध्ये लेहमन आणि कटबुश ह्यांनी नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकल पेशी सापडल्याचं जाहीर केलं आणि ती समजूत गेली. महाराष्ट्राचा नंबर १९५८ मध्ये लागला. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी ह्यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख त्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये आला.

आणि मग येतं आमचं पुणं. पुण्यात बसून सिकलसेलचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण स्टेशनजवळ, ससूनला लागून असलेल्या बी. जे. मेडिकल कॉलेजातल्या डॉ. सुदाम काटे ह्यांनी सत्तरच्या दशकापासून हाच विषय धरून ठेवला. पुढे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाच्या माध्यमातून ते काम चालू राहिलं. सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीतले माडिया, विदर्भातले परधान. चाचणी तशी साधी. एका नळीत रसायनाचं द्रावण, त्यात थेंबभर रक्त, आणि नळीमागे काळ्या रेघा मारलेला कागद. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की हिमोग्लोबिन एस आहे. मग वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ठरवायला पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची चाचणी. वाचायला सोपं वाटतं, पण हे सगळं सामान घेऊन डोंगरातल्या पाड्यांवर जायचं, लोकांना समजावून रक्त घ्यायचं, आणि हे पुनःपुन्हा करायचं, अनेक दशकं.

काटे आणि लिंगोजवार ह्यांनी २००२ मध्ये महाराष्ट्राचं चित्र एकत्र मांडलं. संपूर्ण विदर्भ, उत्तरेला सातपुडा, आणि मराठवाड्याचा काही भाग ह्यांत हे जनुक पसरलेलं आहे. वाहकांचं प्रमाण काही जमातींत शून्य, तर भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काहींमध्ये २० ते ३५ टक्के. म्हणजे पंगतीत बसलेल्या दर तीन ते पाच माणसांत एक वाहक! हा आजार फक्त आदिवासींचा नाही, विदर्भातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतंच. काटे ह्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा पेपरात छोटी चौकट आली असणार. मी वाचली नाही हे कबूल करतो.

आता ह्या धाग्यातलं कोडं. दमट ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांना १९४८ मध्ये एक गोष्ट खटकली. सिकलसेलच्या मुलांच्या रक्तात जन्मल्यावर सिकल पेशी फारशा सापडतच नाहीत. आजार दिसायला लागतो सहाएक महिन्यांनी. का? कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते. हेच ते एफ, फीटल, म्हणजे गर्भातलं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचं जनुक बंद होत जातं, बीटाचं चालू होतं. ज्याचं बीटा बिघडलेलं आहे त्याचा आजार तेव्हाच सुरू होतो. गॅमा चालू होतं तोवर बाळ सुरक्षित होतं! एफचा रेणू त्या दोरखंडात सामील होत नाही, उलट मध्ये येऊन दोरखंड वळूच देत नाही.

आणि १९७२ मध्ये पेरिन आणि सहकाऱ्यांनी सौदी अरेबियाच्या पूर्व भागातल्या सिकलसेल रुग्णांबद्दल लिहिलं की ह्यांचा आजार आश्चर्य वाटावं इतका सौम्य आहे आणि ह्यांच्या रक्तात मोठेपणीही भरपूर एफ आहे. १९८६ मध्ये ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना झाली, तिथेही तेच. आफ्रिकेतल्या बहुतेक प्रकारांत एफ दहा टक्क्यांच्या खाली, आपल्याकडे विसाच्या आसपास. बीटामधली चूक मात्र सगळीकडे तीच, सहाव्या जागी ए चा टी. प्रोग्रॅममधला बग अक्षरशः तोच, आणि एका मशीनवर क्रॅश, दुसऱ्यावर नुसती कुरकुर. अशा वेळी आम्ही लोक काय करतो? कोड सोडून कॉन्फिग फाइल बघतो.

*

जनुकांना कॉन्फिग फाइल असते हे कळायला दुसऱ्या धाग्याकडे, पॅरिसला जायला हवं.

पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंवर काम करत होते. प्रश्न साधा होता. दुधातली साखर, लॅक्टोज, समोर असेल तरच हा जंतू ती पचवायची एन्झाइम्स बनवतो, एरवी नाही. मग त्याला कळतं कसं? १९६१ मधलं त्यांचं उत्तर असं की काही जनुकांचं काम दुसऱ्या जनुकांवर पहारा ठेवणं हेच असतं. पहारेकरी प्रथिन डीएनएच्या एका जागेवर बसून राहतं, लॅक्टोज आलं की उठतं. पण पहारा म्हटलं की दार आलं, आणि दार वेगळं हवं. १९६४ मध्ये जेकब, उलमन आणि मोनो ह्यांनी त्या दाराला नाव दिलं, प्रमोटर. वाचणं जिथून सुरू होतं ती जागा. ही जागा बिघडली तर जनुक धडधाकट असूनही मुकं राहतं.

(त्यांनी दार आधी चुकीच्या ठिकाणी दाखवलं होतं, पहाऱ्याच्या पलीकडे. १९६८ मध्ये बेकविथ आणि मंडळींनी दाखवलं की ते पहाऱ्याच्या अलीकडे आहे. नोबेल १९६५ मध्येच मिळून गेलं होतं, त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नाही.)

डीएनएची आरएनएमध्ये नक्कल करणारं एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज, १९६० च्या सुमारास तीन-चार प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे सापडलं होतं. पण ते दार ओळखतं कसं? ह्या शोधाची कथा मला फार आवडली. रिचर्ड बर्जेस हा हार्वर्डमधला विद्यार्थी हे एन्झाइम जास्तीत जास्त शुद्ध करायच्या मागे होता. आणि जितकं शुद्ध करावं तितकं ते कामाला वाईट! टी-फोर विषाणूच्या डीएनएवर ते जवळपास चालेनाच. शेवटी लक्षात आलं, शुद्ध करताना जो 'कचरा' बाजूला जात होता त्यात एक लहान प्रथिन होतं. ते परत घातलं की गाडी सुरू. १९६९ मध्ये ह्या तुकड्याला सिग्मा असं नाव मिळालं. पॉलिमरेज म्हणजे इंजिन, पण कुठे थांबायचं हे माहीत असलेला कंडक्टर सिग्मा. आपण सगळ्यांनीच कधी ना कधी 'हा फंक्शन कॉल कशाला ठेवलाय' म्हणून काढून टाकलाय आणि मग रात्री दोनला परत घातलाय.

आता दार वाचायचं होतं. १९७५ मध्ये हार्वर्डच्याच डेव्हिड प्रिब्नोने काय केलं, पॉलिमरेजला डीएनएवर बसू दिलं आणि मग डीएनए खाऊन टाकणारं एन्झाइम सोडलं. पॉलिमरेजच्या बुडाखाली दबलेला तुकडा तेवढा वाचला. पावसात उभ्या स्कूटरखालची जमीन कोरडी राहते, तसं. हा कोरडा तुकडा अक्षर-अक्षर वाचला, हाताशी असलेल्या इतर मोजक्या प्रमोटरांशी ताडून पाहिला, आणि सुरुवातीच्या साधारण दहा अक्षरं आधी एक ओळखीचा चेहरा दिसला: टी-ए-टी-ए-ए-टी. जर्मनीत हाइन्झ शालरच्या गटालाही त्याच वर्षी तेच दिसलं. पुढे उणे ३५ च्या जागी दुसरा असाच ठसा नक्की झाला.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. हा ठसा म्हणजे सरासरी चेहरा आहे. निसर्गातल्या प्रमोटरांत तो तंतोतंत क्वचितच सापडतो, आणि त्यात एक अर्थ आहे. लॅक्टोजच्या जनुकांच्या प्रमोटरमध्ये टी-ए-टी-जी-टी-टी असं आहे, म्हणजे सहापैकी चारच बरोबर. म्हणून तो मुळात मिळमिळीत आहे, मदतनीस प्रथिनाशिवाय नीट चालत नाही. प्रयोगशाळेत यूव्ही-फाइव्ह नावाच्या उत्परिवर्तनात ती दोन अक्षरं बदलून ठसा पूर्ण झाला आणि प्रमोटर एकदम जोरात आला. म्हणजे प्रमोटर हा नुसता चालू-बंदचा खटका नाही. पंख्याचा रेग्युलेटर आहे. एखादं अक्षर इकडचं तिकडे केलं की वेग बदलतो. पुढे हेच उपयोगी पडणार आहे.

जंतू सोडून आपल्यासारख्या प्राण्यांत आलं की प्रकरण वाढतं. स्टॅनफर्डच्या डेव्हिड हॉग्नेस आणि मायकेल गोल्डबर्ग ह्यांना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस फळमाशीच्या जनुकांत सुरुवातीच्या साधारण तीस अक्षरं आधी टी-ए-टी-ए असा ठसा दिसला. ह्याला टाटा बॉक्स म्हणतात. पिंपरीच्या टाटांशी काही संबंध नाही. :) खोगिराच्या आकाराचं एक प्रथिन ह्या ठशावर बसतं आणि डीएनएला चांगलं ऐंशी अंशांत वाकवतं. त्या वाकणावर एकेक करून बाकीची मंडळी जमतात, मग पॉलिमरेज येतं, दोन धागे सुटे होतात आणि नक्कल सुरू होते. तीही लगेच नाही. पहिल्या काही अक्षरांचे तुकडे बनतात आणि गळून पडतात, पुन्हा बनतात, पुन्हा गळतात. थंडीतल्या सकाळी जुन्या चेतकला किका मारायचो तसंच. पाच-सहा वाया जातात आणि मग एक लागते. हे सगळं यंत्र अणूंच्या पातळीवर दाखवल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्गना २००६ चं रसायनाचं नोबेल मिळालं. माणसाच्या थोड्याच जनुकांना टाटा बॉक्स असतो, पण हिमोग्लोबिनची जनुकं त्या थोड्यांतली आहेत.

मोजायची पद्धतही सांगून टाकतो. नक्कल जिथे सुरू होते ते अक्षर अधिक १. त्याच्या अलीकडचं उणे १. मध्ये शून्य नाही! भारतीयांनी एवढं शून्य दिलं आणि ह्या लोकांनी ते वापरलंच नाही. ज्या कोणी ह्यावर प्रोग्रॅम लिहिले असतील त्याची एकाने चुकण्याची हौस इथे पुरेपूर फिटली असणार.

*

आता दोन्ही धागे जवळ येतात.

हिमोग्लोबिनची बीटा घराण्यातली जनुकं अकराव्या गुणसूत्रावर ओळीने बसलेली आहेत: एप्सिलॉन, जी-गॅमा, ए-गॅमा, डेल्टा, बीटा. आयुष्यात ज्या क्रमाने लागतात जवळपास त्याच क्रमाने. प्रत्येकाचा स्वतःचा प्रमोटर. बीटाच्या टाटा बॉक्समध्येच, उणे ३१ ते उणे २८ मध्ये, एखादं अक्षर बदलून थॅलेसेमिया झालेली कुटुंबं जगात वेगवेगळ्या ठिकाणी सापडली आहेत. भारतात सापडणारं उणे ८८ चं उत्परिवर्तन त्याच जातीचं. जनुक शाबूत, प्रमोटर अधू, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी.

ह्याच्या उलटही घडतं. काही धडधाकट माणसांत गॅमा मोठेपणी बंदच होत नाही. १९८४ मध्ये फ्रान्सिस कॉलिन्स (पुढे मानवी जीनोम प्रकल्पाचे प्रमुख झाले तेच) ह्यांनी अशा एका प्रकारात जी-गॅमाच्या प्रमोटरमध्ये उणे २०२ ला एक अक्षर बदललेलं शोधून काढलं.

आणि १९८५. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टायटस हाउसमन हा डच शास्त्रज्ञ कित्येक वर्षं एक अतिशय कंटाळवाणी वाटणारी गोष्ट मोजत होता: एफमध्ये जी-गॅमा किती आणि ए-गॅमा किती. जन्मतः हे प्रमाण साधारण ७०:३० असतं, मोठेपणी जे चिमूटभर एफ उरतं त्यात ४०:६० होतं. पण काही सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांत ते मोठेपणीही ७०:३० च राहतं, जणू जी-गॅमाला कोणी 'आता मोठा झालास' असं सांगितलंच नाही. गिलमन आणि हाउसमन ह्यांनी अशा लोकांचा डीएनए वाचला. जी-गॅमाच्या सुरुवातीच्या आधी, उणे १५८ ला, 'सी'च्या जागी 'टी'.

हा बदल ओळखायला फार सोपा निघाला, हे विज्ञानाचं नशीब. साबुदाण्याच्या कसाव्यावर रोग पाडणाऱ्या एका जंतूपासून मिळालेलं एक्सएमएन-वन नावाचं कात्रीसारखं एन्झाइम आहे. जी-ए-ए, मग कुठलीही चार अक्षरं, मग टी-टी-सी, असं दिसलं की ते कापतं. आमच्या भाषेत सरळ रेग्युलर एक्स्प्रेशन. उणे १५८ ला टी असेल तर हा पॅटर्न जुळतो आणि डीएनए तुटतो, सी असेल तर नाही. त्यामुळे पूर्ण अक्षरवाचन न करता शेकडो लोक तपासता येऊ लागले.

तपासल्यावर कोडं बरंचसं उलगडलं. १९८६ मध्ये कुलोझिक आणि ऑक्सफर्डच्या गटाने दाखवलं की ओडिशातल्या आणि पूर्व सौदीतल्या रुग्णांमध्ये सिकलच्या जनुकाच्या आजूबाजूची खुणांची मांडणी एकच आहे आणि आफ्रिकेतल्या बहुतेक मांडण्यांहून वेगळी आहे. ह्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. ह्या मांडणीत उणे १५८ ला टी आहे. (सेनेगलच्या मांडणीतही आहे.) सिकलची चूक आणि हा टी ह्यांच्यात साधारण अठ्ठावीस हजार अक्षरांचं अंतर, पण गुणसूत्र एकच, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या दोघं जोडीने उतरत आलेत. दुखणं आणि उतारा एकाच गाठोड्यात. महाराष्ट्रातल्या सिकल रुग्णांतही प्रामुख्याने हीच मांडणी सापडते. सिकल आशियात स्वतंत्रपणे उगवला असं कुलोझिक म्हणाले होते. २०१८ च्या एका मोठ्या जीनोम अभ्यासाने मात्र सिकलचं मूळ एकच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचं, आफ्रिकेतलं असल्याचा पक्ष मांडला. भांडण चालू द्या, आपल्याला टी पुरे.

आणखी एक बारकावा. ज्याच्या अंगी हा टी आहे पण रक्ताचा काही आजार नाही, त्याचं एफ फारसं वाढत नाही. वाढतं ते अस्थिमज्जेवर ताण आला की, म्हणजे पेशी भराभर मरतायत आणि नव्या घाईने बनवायच्यात अशा वेळी. टी हा स्वतः काम करतो, की शेजारच्या दुसऱ्या कोणाचा नुसता सोबती आहे, ह्यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही.

*

इथे थांबलो असतो तर पोस्ट गोड झाली असती: आपल्या लोकांना निसर्गाने कवच दिलं वगैरे. नागपूर मध्ये आलं.

'अरब-भारतीय प्रकार सौम्य असतो' हे वाक्य पाठ्यपुस्तकी झालं. १९९७ मध्ये मुंबईच्या केईएमच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतल्या मलय मुखर्जी, रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांनी दोन गटांची तुलना छापली. एक वलसाडकडचे आदिवासी रुग्ण, दुसरे नागपूरचे बिगर-आदिवासी. दोघांची मांडणी तीच, एफही दोघांत भरपूर. पण वलसाडचे रुग्ण बरे, आणि नागपूरचे कितीतरी जास्त आजारी. फरक निघाला तिसरीकडेच. वलसाडच्या गटात अल्फा थॅलेसेमियाचं प्रमाण प्रचंड होतं. त्यामुळे पेशीत एकूण हिमोग्लोबिनच पातळ, मग दोरखंड वळायला माल कमी. नागपूरकरांकडे हे दुसरं कवच फारसं नव्हतं.

मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा निबंध वाटला. म्हणजे बघा, उणे १५८ चा टी खरा आहे, त्याचा फायदाही खरा आहे. पण तो टी पाहून 'तुमचा सौम्य प्रकार' असं विदर्भातल्या एखाद्या आईला सांगणं खोटं ठरू शकतं. तिच्या पोराला महिन्यातून दोनदा सलाइन लागत असेल तर तिने सरासरीचं काय करायचं? पुण्या-मुंबईत बसून 'सौम्य' म्हणणं फार सोपं असतं. प्रत्येक पोराचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. दीप्ती जैन ह्यांनी नेमका तोच मांडला. तीव्र आजार असलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया कमी आणि ठरावीक मात्रेत, दर किलोला दिवसाला १० मिलिग्रॅम, देऊन त्यांनी २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची गरज, दोन्ही उतरले.

हे औषध मूळ कॅन्सरचं. ते एफ वाढवतं हे १९८४ पासून माहीत होतं, १९९५ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने ते सिकलसेलवर पक्कं केलं. आपल्या टी-वाल्या रुग्णांना ते चांगलं लागू पडतं असं केईएम आणि इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं. तुलनेने स्वस्त कॅप्सूल आहे. अडचण गावात ती नियमित मिळण्याची आणि मधूनमधून रक्त तपासण्याची.

गॅमाला मोठेपणी गप्प कोण बसवतं हेही एव्हाना कळलं आहे. बीसीएल-इलेव्हन-ए नावाचं प्रथिन. त्याचा सुगावा २००७-०८ मध्ये लागला, आणि २०१८ मध्ये दिसलं की ते गॅमाच्या प्रमोटरवर उणे ११५ च्या आसपास येऊन बसतं. उणे २०० पाशी दुसरा एक पहारेकरी बसतो. कॉलिन्सचं १९८४ चं उणे २०२ आठवतंय? पहारेकऱ्याच्या खुर्चीचा पायच मोडला होता. जेकब-मोनोंचा जंतूंमधला पहारा शेवटी माणसाच्या रक्तात सापडला म्हणायचा.

मग क्रिस्पर आलं. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने कॅसजेव्ही ह्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, त्यांच्यातला बीसीएल-इलेव्हन-एचा खटका तोडायचा, परत घालायच्या. गॅमा पुन्हा बोलू लागतं. अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर. गॅमाच्या प्रमोटरवरच थेट हात घालणाऱ्या चाचण्याही झाल्या आहेत. आपल्याकडे १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ची मुदत. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने स्वतःचं क्रिस्पर तंत्र ह्या आजारासाठी तयार केलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार केला. सीरमही हडपसरलाच. मंडळाच्या दवाखान्यापासून फार लांब नाही.

सोमवारी मित्राला हे सगळं चहाच्या टपरीवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मोबाइलमध्ये एक फोटो दाखवला. भाच्याला गेल्या वर्षभरापासून हायड्रॉक्सियुरिया चालू आहे, त्याचा ताजा रिपोर्ट. यंदा शाळा फारशी बुडली नाही म्हणाला. एफ २२ वरून २७ वर गेलाय. समोर चांदणी आहेच.